कार्बोरेटरमधली चिंधी

स्कूटर मीच खोलली, मीच जोडली. कागदावर लिहिलेल्या यादीतल्या चौदाही कामांपुढे खुणा झाल्या होत्या, तरी ती सुरू होईना. बायकोला सिहोऱ्याच्या शाळेत परीक्षेचे पेपर वाटायला वेळेत पोचायचे होते. प्लग पुसला, पेट्रोल तपासले, किका मारून घामाघूम झालो.

"यादी वाचून राहिले का गाडी सुरू करून राहिले?" म्हणत ती शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर बसून गेली.

मग आठवले. अंगणात धानाची मळणी चालू असल्याने भुसा जाऊ नये म्हणून कार्बोरेटरच्या तोंडात चिंधी कोंबली होती. ते यादीत लिहिलेच नव्हते. चिंधी काढताच दुसऱ्या किकेला स्कूटर सुरू झाली.

संध्याकाळी तिला आणायला गेलो. ती उशिरा पोचल्याने तिचे पेपर सकाळी दुसऱ्या शिक्षकानेच वाटले होते. बसण्याआधी ती म्हणाली, "इंजिन बंद नका करू जी."