कार्डावरची दुसरी ओळ

मुलांना शाळेच्या बसमध्ये चढवायचं आणि उतरवायचं, हे मावशींचं काम. अठरा वर्षांत त्यांची बस थांब्यावर उशिरा पोचली नव्हती, आणि मुलांच्या आयांनाही त्यांनी तीच शिस्त लावली होती. तीन वाजून दहा म्हणजे दहा. कोणी धापा टाकत आली की मावशींच्या तोंडाचा पट्टा सुरू. "उद्या उशीर केलास तर पोरीला परत शाळेत नेऊन सोडीन." नेलं मात्र कधी कुणालाच नाही.

परदेशातून आलेल्यांचे कागद तपासणारं पथक शहरात फिरायला लागलं, तशा बसमधल्या नऊ जागा रिकाम्या झाल्या. दुसरीतल्या एका मुलीची आई मात्र मावशींच्या शब्दावर तिला पाठवत राहिली. "थांब्यावर कोण येतंय गं तुला धरायला?" असं मावशीच त्या आईला म्हणाल्या होत्या.

पथक थांब्यावरच आलं. घरोघर कशाला फिरायचं? मावशींनी आया वेळेवर आणून उभ्या केल्याच होत्या. मंगळवारी तीन वाजून पाच मिनिटांनी चार धिप्पाड माणसांनी लोकांचे कपडे धुऊन पोट भरणाऱ्या त्या एकट्या आईला गाडीत कोंबलं. केवढा पराक्रम. पाच मिनिटांनी बस पोचली, तेव्हा समोरच्या न्हाव्याने खालमानेने मावशींना सगळं सांगितलं.

मुलाच्या कार्डावर नाव असलेल्या माणसाच्याच हाती मूल द्यायचं, हा शाळेचा नियम. त्यामुळे अठरा वर्षांची पोकळ धमकी मावशींना त्या दिवशी खरी करावी लागली. पोरीला त्यांनी परत शाळेत नेलं.

ऑफिसात मुख्याध्यापिकाबाईंनी कार्ड काढलं. पहिल्या ओळीत आईचं नाव होतं. दुसऱ्या ओळीत, आई नसेल तर कोण, तिथे आईच्याच वेड्यावाकड्या अक्षरात मावशींचं.

"मावशी, कर्मचाऱ्याचं नाव चालत नाही," बाई म्हणाल्या. "पाच वाजता सरकारी बालगृहाची गाडी येईल. नियम आहे."

"आणि लेकराला न्यायला आलेल्या आईला उचलायचं, हा कुठला नियम?"

"ते आपल्या हातात नाही हो."

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याला विचारावं त्याच्या हातात काही नाही, मग ती बाई गाडीत बसली कुणाच्या हाताने?

"म्हणजे मी कर्मचारी आहे एवढंच अडलंय ना?" त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं, वर शिट्टी ठेवली. "आजपासून नाही. द्या कागद, लिहून देते."

"डोक्यात राख घालून घेऊ नका. निवृत्तीला वर्षच उरलंय."

"कागद द्या."

बाईंनी कागद दिला. मावशींनी त्यावर राजीनामा लिहिला. बाईंनी तो घेतला आणि सहीसाठी मुलं सोपवण्याची वही पुढे सरकवली.

फाटकाबाहेर पडल्यावर पोरीने मावशींचा हात घट्ट धरला.

"मावशी, आईला उशीर झाला म्हणून तू मला परत आणलंस ना? मी सांगते तिला. उद्या ती वेळेवर येईल."

मावशी रस्त्यातच थांबल्या.

"नाही गं बाळा," त्या म्हणाल्या. "ती वेळेवरच आली होती."