दवाखान्याची फळी

आमच्या विक्रोळीच्या खोलीत दाराआड एक सागवानी फळी उभी असायची. बाबा कारखान्यात फिटर. ती फळी त्यांनी स्वतः रंधा मारून, पॉलिश करून तयार ठेवली होती. मी एमबीबीएस झाले की तिच्यावर माझं नाव रंगवायचं आणि घाटकोपरला दवाखान्यावर लावायची, असं त्यांचं ठरलेलं. तळमजल्याची खोलीसुद्धा बघून झाली होती. आणि मी काय केलं, तर पब्लिक हेल्थच्या डिप्लोमाला नाव घातलं.

"म्हणजे नेमकं काय करणार तू?" बाबांनी विचारलं.

"लोक आजारीच पडू नयेत म्हणून काम."

"मग डॉक्टरकडे येणार कोण?"

चाळीला हा विनोद वर्षभर पुरला. शेजारच्या काकू तर मला गटाराची डॉक्टर म्हणायच्या. मला भयंकर राग यायचा आणि तो मी जेवणावर काढायचे. शेवटी घरात तह झाला. डिप्लोमा पास झाले तर माझं खरं, नाही तर मुकाट्याने घाटकोपर.

ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. प्रॅक्टिकलसाठी मला गोवंडीची एक गल्ली मिळाली. घरोघर जाऊन जुलाब झालेली मुलं शोधायची, आयांना साखरमिठाचं पाणी करायला शिकवायचं, पिण्याच्या पाण्याची पिंपं झाकायला सांगायचं. कुठलं घर झालं ते कळावं म्हणून मी पहिल्याच दिवशी दारादारावर खडूने नंबर टाकले. अगदी वळणदार अक्षरात, मोठ्या ऐटीत.

दुसऱ्या दिवशी एकही नंबर जागेवर नव्हता. दारं ओल्या फडक्याने पुसलेली. "इथे कोणी आजारी नाय," एवढंच उत्तर. चार दिवस हेच चाललं. शेवटी गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या मालवणकडच्या म्हातारीने मला फैलावर घेतलं. "आज खडू, उद्या तोडूची गाडी! आमका काय येडी समाजतस?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. झोपड्या पाडणारे आधी असेच नंबर टाकून जायचे. घरांना क्रमांक द्यावेत, एवढं आमच्या पुस्तकात होतं. आतला माणूस ते बघून ओलं फडकं शोधेल, हे नव्हतं.

"माझी वाट लागली," म्हणत मी घरी येऊन रडले. सर्व्हे नाही तर पास नाही. मला वाटलं, बाबांना मनातून बरं वाटेल. ते म्हणाले, "उद्या सुट्टी आहे माझी. मी येतो."

इस्त्रीचा शर्ट घालून ते थेट म्हातारीच्या दारात उभे राहिले. आधी गाव विचारलं. मग, एरवी फक्त गाववाल्यांशी बोलायचे त्या मालवणीत म्हणाले, "ह्यां माझां चेडू. डॉक्टर आसा. घरां मोडूक नाय इलां, पोरांका बरां करूक इलां. तुमचां घर मोडलां तर माझ्याकडे रवाक येवा."

आमची खोली दहा बाय बाराची. तरी ते मनापासून बोलले होते, आणि म्हातारीला ते कळलं. तिने पडदा बाजूला केला. आत तिचा नातू पडला होता, डोळे खोल गेलेले. मी पाणी केलं. बाबा वाटी धरून बसले, मी चमच्याचमच्याने पाजत राहिले आणि तोंडाने माझं नेहमीचं भाषण चालू होतं: पिंप उघडं ठेवू नका, वर साधी फळी टाकली तरी चालेल. दुपारी पोर खच्चून रडलं. रडण्याचा इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही. संध्याकाळपर्यंत गल्लीतली सगळी दारं उघडली होती.

आमच्या वर्गातले पुढे कुठे कुठे गेले. कोणी कारखान्यात कामगारांची फुप्फुसं तपासली, कोणी साथींच्या मागे जिल्हे पालथे घातले. मी लसीकरणात आयुष्य काढलं. पण त्या दिवसांची आठवण आली की मला आधी बाबांच्या करवतीचा आवाज ऐकू येतो.

बाबा गोवंडीला आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच आवाजाने मला जाग आली होती. बाबा सागवानी फळी गोल कापत होते.

"बाबा, अहो, दवाखान्याची फळी ती!"

"आपलं पिंप उघडंच असतं गं," ते मान वर न करता म्हणाले.

माझ्या निकालाला तेव्हा दोन महिने बाकी होते.