साडूच्या पायाखालच्या डब्या

पायाने विचार करणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. इतर माणसांना कोडं पडलं की ती डोकं खाजवतात, कपाळाला हात लावतात, बडोद्याची असली तर सरळ शेवउसळ खायला निघून जातात. माझा साडू उजव्या पायातली चप्पल काढतो. समोर जमिनीवर लोखंडी डब्या ओळीने मांडलेल्या असतात. त्यांच्यावर तो अंगठा हवेत तरंगत ठेवतो, डोळे मिटतो, श्वास रोखतो आणि एक डबी निवडून दाबतो. खट्. मग गळ्यातल्या बेस गिटारची सर्वांत जाड तार एकदाच छेडतो आणि समाधी लागलेल्या ऋषीसारखा ऐकत राहतो. आधीच्या आवाजात आणि नंतरच्या आवाजात काय फरक पडला हे फक्त देवाला आणि त्याला कळतं. आणि देवाबद्दल मला जरा शंका आहे.

हा माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. दिवसा मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात व्हॉल्व्ह गळतात का ते तपासतो आणि नवरात्रात गरब्याच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. एरवी लग्नं, बारशी, जुन्या गाण्यांचे कार्यक्रम, जे मिळेल ते. बेस गिटारला चारच तारा, पण दोरखंडासारख्या. सतारीला जर भाऊ असता आणि तो तालमीत गेला असता तर असा दिसला असता. तिचं काम गाण्याच्या तळाशी बसून बाकीच्यांना खांदा देण्याचं. तंबोऱ्याचा खर्ज जसा, तसं. खर्जाला कोणी टाळ्या वाजवत नाही, आणि माझ्या साडूला टाळ्या नकोही होत्या. त्याला फक्त एका माणसाने आपल्याला ऐकावं असं वाटे. तो माणूस म्हणजे त्याचे वडील.

आबा म्हणजे जुन्या संस्थानी शिपायांच्या घराण्यातला शेवटचा ताठ कणा. नोकरी शाळेत कवायत शिकवण्याची केली, पण घरातही ते कवायतीच्याच आवाजात बोलत. त्यांनी 'मीठ' म्हटलं की शेजारच्या दोन घरांतून मीठ येई. दर नवरात्रात ते पहिल्या रांगेत येऊन बसत, शेवटपर्यंत बसत, आणि घरी परतताना स्कूटरच्या मागच्या सीटवरून एकच निकाल देत: "तू दिसलास छान. ऐकू काही आला नाहीस." बस. एवढंच. वर्षानुवर्षं एवढंच. ढोलवाला ऐकू आला, शहनाईवाला आला, कोरसमधली सर्दी झालेली मुलगीसुद्धा ऐकू आली, पण पोटचा मुलगा काही ऐकू आला नाही. साडू नुसता "हो आबा" म्हणे आणि दुसऱ्या दिवसापासून नव्या डबीच्या शोधाला लागे.

या डब्यांना त्यांच्या दुनियेत पेडल म्हणतात. गिटारची वायर एका डबीत शिरते, दुसरीतून तिसरीत जाते, आणि प्रत्येक डबी आवाजावर आपापला संस्कार करते. "साढूभाई, समजून घ्या ने," असं म्हणून माझा साडू मला शिकवायला बसला की मांडी घालून बसणं एवढंच माझ्या हाती उरतं. "ही कॉम्प्रेसर. ही म्हणजे घरातला कर्ता माणूस. जो फार बडबडतो त्याला दाबते, जो गप्प बसतो त्याला बोलतं करते. सगळे सूर एका उंचीचे. ही ऑक्टेव्हर. तुम्ही एक सूर वाजवा, ही त्याच्याखाली अजून एक जाड सूर लावते. म्हणजे नातू पुढे चालतोय आणि मागून आजोबा. ही ओव्हरड्राइव्ह, हिच्यातून आवाज घसा बसल्यासारखा येतो, चिडका. आणि ही सगळ्यांची आई, प्रीअँप. तारेचा जीव मुळात केवढासा, तो ही मोठा करते, जाड-बारीक हवं तसं घडवते आणि स्टेजपासून मिक्सरपर्यंत धडधाकट पोचवते."

"मिक्सर माझा आहे. त्याला कशाला मध्ये घेता?" ही ताई, म्हणजे त्याची बायको, स्वयंपाकघरातून.

डब्यांचा क्रम हा तर घरातला धर्मप्रश्न. कॉम्प्रेसर आधी की ओव्हरड्राइव्ह आधी? लग्नाच्या पंगतीत कोणत्या व्याह्याला कोणाशेजारी बसवावं याचा जेवढा विचार होत नाही, तेवढा माझ्या साडूने या दोन डब्यांचा केला. एकदा मी जिन्यात भेटलो तर खिन्न चेहऱ्याने म्हणाला, "पटत नाही हो त्यांचं." मी घाबरून विचारलं, "ताईचं आणि आबांचं?" तर म्हणाला, "छे, त्यांचं केव्हाच पटलं. ऑक्टेव्हरचं आणि कॉम्प्रेसरचं." दसऱ्याला त्यांच्याकडे शस्त्रपूजा असते. पणजोबांची तलवार पाटावर ठेवतात, झेंडूची फुलं वाहतात. एका वर्षी तलवारीशेजारी सगळ्या डब्या हळदकुंकू लावून बसलेल्या. आबांनी चष्मा वर केला. "हे काय?" "आबा, माझी शस्त्रंच आहेत ही." आबांनी सगळ्या डब्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "मग एखादा शत्रू तरी जखमी झालेला दाखव."

ऐकू येण्याच्या नादात त्याने काय नाही केलं! कोणी सांगितलं, जाड आवाज गर्दीत हरवतो, त्याला धार लाव. त्याने धार लावली. ती एवढी की गरब्यात पत्र्याचं छप्पर कोणीतरी ओढतंय असं वाटून मंडपवाला कनात तपासून आला. एकदा जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमात पुढच्या रांगेतला एक जाडजूड गृहस्थ फोन वर धरून उभा राहिला आणि मागून लोक ओरडायला लागले, "ए बेस! बेस ने, भाई!" आता गुजरातीत 'बेस' म्हणजे 'खाली बस'. जन्मापासून बडोद्यात राहिलेल्या माझ्या साडूला हे ठाऊक नाही असं नाही. पण आयुष्यात पहिल्यांदा चारशे माणसं एका सुरात बेस मागतायत म्हटल्यावर शब्दकोश कोण उघडतो? त्याचे डोळे भरून आले. प्रीअँपचं बटण त्याने होतं तेवढं फिरवलं. सभागृहाच्या खुर्च्या थरथरल्या, गायिकेसमोरचा पाण्याचा ग्लास आपल्या पायांनी चालत टेबलाच्या कडेपर्यंत गेला, आणि तो गृहस्थ खरोखरच खाली बसला. परतताना आबा म्हणाले, "लोक तुला बस म्हणत होते. आणि तू उभाच."

मग एकदा ओव्हरड्राइव्हच्या डबीने कुठूनशी रेडिओची लहर पकडली. आरती संपून मैदान शांत झालेलं, आणि साडूच्या बाजूच्या स्पीकरमधून एका गंभीर आवाजात कापसाचे आणि एरंडाचे भाव सुरू झाले. डभोईकडून आलेले चार शेतकरी हातातल्या दांडिया काखेत मारून ऐकायला उभे राहिले. त्या दिवशी आबा प्रसन्न होते. "आज पहिल्यांदा तुझ्या डबीतून काहीतरी कामाचं ऐकू आलं," म्हणाले. साडू हसला. सगळे हसले. पण वायर गुंडाळताना त्याचे हात मला दिसत होते. पेशंटला पट्टी बांधावी तशी तो ती वायर गुंडाळत होता.

पुढे आबांना खरंच ऐकू येईनासं झालं. आधी दारावरची घंटा गेली, मग ताईची हाक गेली. काचबिंदूने डोळे आधीच अंधुक केले होते. दारात उभा माणूस मुलगा आहे की दूधवाला, हे ते उंचीवरून ठरवत. कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही दोघं त्यांना घेऊन गेलो. तपासणी झाली. बाईंनी आम्हाला बाजूला घेऊन हळुवारपणे सांगितलं, "जुओ, बारीक आवाज गेले आहेत. पक्षी, घंटी, लेडीजचा आवाज. जाडे आवाज अजून आहेत. ढोल, ट्रक, ढगांचा गडगडाट."

साडू खुर्चीतून अर्धा उठला. "जाडे आहेत? अडीचशे हर्ट्झच्या खाली, अगदी तळाला, कसं आहे, मॅडम?"

"उमरच्या हिसाबे सारुं छे. एकदम चांगलं."

"अहो, मग माझं सगळं दुकान तिथेच आहे!" आणि तो हसला. वडिलांच्या बहिरेपणाचा निकाल ऐकून पेढे वाटायला निघालेला मुलगा त्या दवाखान्याने पहिल्यांदाच पाहिला असेल. बाई माझ्याकडे पाहायला लागल्या. जग या म्हाताऱ्याच्या कानातून वरच्या बाजूने रिकामं होत आलं होतं आणि तळाशी, जिथे माझा साडू कित्येक वर्षं बसून होता, तेवढी जागा शिल्लक राहिली होती.

त्या रविवारी त्यांच्या मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये गेलो तर तो डब्या काढत बसला होता. लावत नव्हता, काढत होता. "आजवर मी बारीक आवाज वाढवत बसलो, साढूभाई. धार, खणखणाट. लोकांना ऐकू यावं म्हणून. आबांच्या कानाला तर आता तेच पोचत नाही." ओव्हरड्राइव्ह निघाली. ऑक्टेव्हर निघाली, "आजोबांना खाली धाडलं की सूर धुरकट होतो, कोण चाललंय ते कळत नाही." शेवटी कॉम्प्रेसर आणि प्रीअँप, दोनच उरल्या. सूर सगळे सारखे यावेत, आणि जाडे यावेत. प्रीअँपचं बटण तो केसाएवढं फिरवी, तार छेडी, आणि पुन्हा केसाएवढं मागे आणी. डोळे मिटलेले. मी पहिल्यांदाच विनोद केला नाही.

गरब्याला गर्दीत बसणं आबांना झेपणार नव्हतं, म्हणून नवरात्राच्या आदल्या दुपारी साउंड चेकला त्यांना आणलं. रिकामं मैदान, ऊन, बांबूंच्या सावल्या. कपाटाएवढ्या बेसच्या स्पीकर-बॉक्सशेजारी त्यांची खुर्ची मांडली; स्टेज तिथून त्यांना नुसता रंगीत धुरळा. वर ढोल सुरू झाला, गायक तोंड उघडमिट करायला लागला आणि त्याखाली माझ्या साडूने चाल धरली. एकेक सूर पायरीसारखा. आबांची मान हलली. मग काठी हलली. मग त्यांनी तळहात त्या बॉक्सच्या लाकडावर टेकवला आणि उरलेला वेळ तो उचललाच नाही.

साडू धावतच खाली आला. त्याने काही विचारायच्या आत आबा कवायतीच्या आवाजात म्हणाले, "कोण रे तो? आज तुझ्या जागी कोणाला बसवलंय? काय पाय आहे त्याचा! एकदा चुकला नाही. असा एक जरी मुलगा मला कवायतीला मिळाला असता ना!"

मी तोंड उघडलं. साडूने माझं मनगट धरलं, एवढं की चारही बोटं उमटली. मग आबांच्या कानाशी वाकून, जाड्या आवाजात ओरडला, "डभोईचा आहे, आबा!"

"शीक त्याच्याकडून."

"हो आबा."

पार्किंगमध्ये मी त्याच्यावर भडकलो. "अहो, हेच ऐकायला जन्म घालवलात ना? सांगून का नाही टाकलंत?" तो स्कूटरची किल्ली नुसतीच फिरवत राहिला. "मी आहे म्हटलं असतं तर त्यांनी परत घेतलं असतं," म्हणाला. "राहू द्या. बोलले तर खरं. मी ऐकलं."

तेव्हापासून त्या घरात एक नसलेला माणूस राहायला आला. दुपारी आबा विचारायचे, "डभोईकर येणार आहेत का?" आणि साडू दिवाणखान्यात अँप, म्हणजे गिटारचा घरगुती स्पीकर, त्यांच्या पलंगाच्या भिंतीला टेकवून डभोईकर व्हायचा. "चहा दिलात का त्यांना?" आबा आतून ओरडायचे. ताई कप आपटायची. "नवऱ्याचा करते, सासऱ्यांचा करते, आता हवेचाही चहा मीच करायचा!" तो चहा बहुधा मी प्यायचो. डभोईकरांच्या नशिबाने फक्कड असायचा.

एका दुपारी मी तिथेच होतो. वाजवणं थांबलं आणि आबांनी हाक मारली, "डभोईकरांना आत पाठवा. मला भेटायचंय."

ताई दारात थबकली. साडू गिटार उतरवून आत गेला आणि पलंगाजवळच्या स्टुलावर बसला. आबांनी चाचपडत त्याचा डावा हात हातात घेतला. तारांनी बोटांच्या टोकांना पडलेले घट्टे अंगठ्याने एकेक करून पाहिले, तांदूळ निवडावेत तसे, सावकाश.

"वडील आहेत?"

"आहेत!" साडू मोठ्याने म्हणाला.

"काय म्हणतात, तुमचं वाजवणं ऐकून?"

आबांचा अंगठा करंगळीच्या घट्ट्यापर्यंत जाऊन थांबला.

"नसतील म्हणत. आमच्या पिढीला ते जमलं नाही." मग त्यांचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा कवायतीतून बाहेर आला. "त्यांना माझा निरोप द्या. म्हणावं, मुलगा फार चांगलं वाजवतो."

"सांगतो!" साडू म्हणाला.

आबांनी मुलाला ओळखलं होतं का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. हात मात्र त्यांनी जरा जास्तच वेळ धरून ठेवला, आणि मग सोडला. पाहुणा म्हटल्यावर त्याला निघणं भाग होतं. साडूने वाकून नमस्कार केला, दारात येऊन चपला घातल्या आणि खरोखरच कुणाला तरी सांगायला निघाल्यासारखा जिना उतरून गेला. मी गॅलरीतून पाहिलं. खाली स्कूटरच्या सीटवर दोन्ही हात टेकवून तो उभा होता. डभोईकर केव्हाच गेले होते. मुलाला वर यायला मात्र बराच वेळ लागला.