डावी पाकळी

सोळा नोव्हेंबर. अंगणात दोरीवर बोंबील घालत होते, तेवढ्यात वारा फिरला आणि ओल्या मासळीचा वास घरभर झाला. बारा वर्षांपूर्वीही असेच बोंबील दोरीवर असताना वादळ आलं आणि माझ्या नवऱ्याची होडी परतली नाही. दोरीवरची मासळी भिजून कुजली, कुणी उतरवली नाही. पाचव्या दिवशी शेजारीण सासूला म्हणाली, "काकी, देवीला कौल लावा. काय ते एकदाचं कळंल." देवीच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी आधी पडली तर माणूस येणार, डावी पडली तर नाही. सासू म्हणाली, "माझा लेक मी तिच्या पदरात घातलाय. आता रोज उठून इचारू, नीट सांभाळतेस ना म्हणून?" मला एवढा धीर नव्हता. घरात दोन लहान मुली होत्या आणि मला उत्तर हवं होतं. मी गुपचूप देवळात जाऊन गुरवाकडून कौल लावून घेतला. डावी पाकळी पडली. घरी येऊन सासूला सांगितलं. ती म्हणाली, "तू इचारलंस, तुला सांगितलं. मला ती अजून काय बोलली न्हाय." नवरा आला नाही, होडीचं फळकूटसुद्धा मिळालं नाही. देवीवर माझा विश्वास किती, हे मला आजही सांगता येत नाही. कौलाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासू रोजच्यासारखी देवळात दिवा लावायला निघाली. तिच्या हातातली तेलाची बाटली मी घेतली आणि तिच्या मागून चालू लागले.