झोपलेल्याला हाक

भावजी, तुमच्याबद्दल लिहायचं तर तोंडावरच लिहिते. माघारी बोलायची मला सवय नाही.

तुमच्या दादाशी लग्न करून मी या घरात आले, तेव्हा तुम्ही दिवसभर दुकानात खिडक्यांच्या काचा कापायचात आणि शनिवारी तिघा मित्रांना घेऊन रॉक गायचात. गायचात म्हणजे ओरडायचात. कॉलेजात मी संगीत घेतलं नव्हतं, पण कान शाबूत होते. वीस वर्षं ओरडलात. मग डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि सांगितलं, असंच चालवलंत तर आवाज कायमचा जाईल. तेव्हा कुठे तुम्हाला घाई सुटली. आवाज आहे तोवर एक अल्बम करायचा.

तो करून द्यायला एकटे मास्तर तयार झाले. रिदम अँड ब्लूजच्या रेकॉर्डी काढण्यात त्यांची हयात गेलेली. लोक डोळे मिटून सावकाश नाचतात ना, ती गाणी. तुम्हाला गाडी चालवता येत नाही, म्हणून मी तुम्हाला त्यांच्या स्टुडिओत सोडायला यायचे आणि रेकॉर्डिंगच्या खोलीच्या काचेअलीकडे बसून राहायचे. त्या स्टुडिओच्या भिंतींना जाड गालिचे होते. आत शिरलं की आपलं बोलणंसुद्धा दुसऱ्या कुणाचं, लांबून आलेलं वाटायचं.

मास्तरांनी तुमचं एक गाणं ऐकलं, अर्धे ड्रम काढून टाकले आणि विचारलं, "घरी दुपारचं कुणी झोपतं का?"

"दादा झोपतो. वहिनी घरात असली की जरा जास्तच गाढ."

"त्याला हाक मार. पण तो जागा होता कामा नये. हाक त्याला स्वप्नात ऐकू आली पाहिजे. तसं गा."

गिटारवाला मित्र म्हणाला, "म्हणजे अंगाईचा अल्बम. छान. आपण पाळणे घेऊन येऊ."

तुम्ही मात्र मनावर घेतलंत. रविवारी दुपारी दादाच्या पलंगापाशी स्टूल टाकून बसलात. पहिल्याच ओळीला आमचे हे ताडकन उठले. "काय रे, कोण गेलं?" पुढच्या रविवारी त्यांनी उशी फेकून मारली. मी दारात, पेपरामागे हसू दाबत उभी.

चौथ्या रविवारी काय झालं, कोण जाणे. पडदा अर्धा ओढलेला होता. तुम्ही बसवलेल्या हिरव्या काचेतून आलेला उजेड भिंतीवर हलत होता आणि तुमचा आवाज त्याच्यासारखाच खोलीभर पसरला. सुरू कुठून झाला कळेना. ह्यांनी कूस बदलली आणि झोपेतच "हं" म्हटलं. मला वाटलं, आपण तिघंही पाण्याखाली आहोत. रस्त्यावरून कुणाची तरी सायकल गेली, तीही तळातून गेल्यासारखी.

नऊ गाणी अशीच झाली. घसाही टिकला. शेवटच्या दिवशी मित्र वायरी गुंडाळत होते, तेव्हा तुम्ही मास्तरांना म्हणालात, "एकदा माझ्यासारखं गाऊ द्या."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर काय म्हणाले होते ते मला पक्कं ठाऊक होतं. "गाऊ द्या त्यांना," मी म्हटलं. मीच म्हटलं, दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

तुम्ही चार मिनिटं गायलात. त्या जाड गालिच्यांनाही ते गिळता आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तुमच्या गळ्यातून नुसती फुंकर निघते. दुकानात गिऱ्हाइकाशी तुम्ही कागदावर लिहून बोलता.

अल्बम लोकांना आवडला. परवा एका बाईने मला सांगितलं, तो लावला की तिला पडल्यापडल्या झोप लागते. ते दहावं गाणं मास्तरांनी त्यात घेतलं नाही. टेप बाजूला काढली आणि मला फोन केला, "त्याचा आवाज त्याच्याकडे असावा. येऊन घेऊन जा."

गुरुवारी मी म्हटलं, गाडी काढते. तुम्ही कागदावर लिहिलंत, पुढच्या गुरुवारी. पुढच्या गुरुवारी तुम्ही बूट घालून जिन्यात बसला होतात आणि मी म्हटलं, माझं डोकं दुखतंय. दुखत नव्हतं. त्यानंतर आपण दोघांनीही तो विषय काढला नाही. टेप मास्तरांच्याच कपाटात आहे.