पान नंबरासकट

पाणीपुरवठ्याच्या त्या कचेरीत एक शहाणपण मुरलेलं होतं. कागद लपवायचा तर कुलपात ठेवू नये, हजार कागदांत ठेवावा. म्हणूनच जुन्या फायली स्कॅन करून पीडीएफ करायचा हुकूम आला तेव्हा कुणीही कुरकुर केली नाही. एकेक पीडीएफ सहा-सातशे पानांची झाली. आता शोधा म्हणावं काय शोधायचं ते!

आड आली ती नोंद विभागातली बाई. वय बावन्न, आवाज हळू, नजर तीक्ष्ण. बावीस वर्षं तिनं एकच उत्तर ऐकलं होतं, "शोधा, असेल कुठेतरी." त्या 'कुठेतरी'चा तिला वीट आला होता. म्हणून जेवणाच्या सुट्टीत ती एकेक पीडीएफ वाचू लागली आणि साध्या मजकुराच्या फायलीत टिपणं करू लागली. ना रंग, ना चौकटी. एका ओळीत गोष्ट काय ती, आणि ओळीच्या शेवटी दुवा. दुव्यावर क्लिक केलं की सातशे पानांतलं नेमकं तेच पान समोर उघडायचं.

"यानं पगार वाढणार आहे का?" नवऱ्यानं एकदा विचारलं. तो शिंपी होता.

"नाही."

"मग?"

"पान सापडतं."

उसवलंय कुठे ते आधी सापडावं लागतं, एवढं शिंप्याला कळत होतं. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

साहेबांना मात्र यात करमणूक दिसली. "बाई, पानं मोजून मोक्ष मिळतो का?" असं ते सगळ्यांदेखत विचारत. एका बैठकीत बाईंनी अर्ध्या मिनिटात हवं ते पत्र काढून त्यांची लाज राखली, तेव्हापासून तीच टिपणं 'मी घालून दिलेली पद्धत' झाली. साहेब पाहुण्यांना ती कौतुकानं दाखवू लागले.

मग मोठ्या टाकीची भिंत फुटली. खालच्या गल्लीत कमरेएवढं पाणी, चार घरांची धूळधाण. चौकशी समितीपुढे साहेबांनी छातीवर हात ठेवला. "भेगेबद्दल आम्हाला कुणी कळवलंच नव्हतं."

अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुमच्या त्या पद्धतीचं फार ऐकलंय. दाखवा तरी."

संगणकापाशी बसवलेल्या बाईंनी 'भेग' हा शब्द शोधायला टाकला. एकच ओळ आली. त्या पानावर काय आहे ते त्यांना पाठ होतं. साहेब मात्र निश्चिंत होते, कारण त्यांनी आयुष्यात एकही टिपण वाचलं नव्हतं. बाईंनी क्लिक केलं.

भिंतीवरच्या पडद्यावर पान चारशे बारा झळकलं. टाकीवरच्या पंपचालकाचं पत्र, 'उत्तरेच्या भिंतीला भेग आहे'. समासात हिरव्या शाईचा शेरा, 'पाहिले. घाई नको.' खाली कोंबड्याच्या तुऱ्यासारखी ऐटबाज सही.

"सही कुणाची?"

साहेबांनी चष्मा पुसला. "हल्ली खोट्या सह्या फार होतात," ते म्हणाले. कुणी हसलंसुद्धा नाही.

आठवड्यात नवा हुकूम निघाला. प्रत्येक पीडीएफच्या सुरुवातीला तीन पानं जोडावीत : बोधचिन्ह, साहेबांचा फोटो आणि साहेबांचा संदेश. सगळे दुवे तीन पानांनी घसरले. गळतीच्या तक्रारीवर क्लिक करावं, तर पडद्यांच्या कापडाचं दरपत्रक उघडे.

"मी म्हणतच होतो, यंत्रावर विसंबू नये," साहेब गालातल्या गालात हसत म्हणाले.

एकोणीसशे दुवे! बाईंचे डोळे भरून आले. संगणक विभागातल्या माणसानं फाईल पाहिली आणि खुर्ची पुढे ओढली. "साधा मजकूर आहे ना? मग रडता कशाला? प्रत्येक पान नंबरात तीन मिळवा म्हणून सांगतो संगणकाला." चहा थंड व्हायच्या आत एकोणीसशे दुवे जागेवर आले.

साहेबांनी मग शेवटचा उपाय केला. बाईंची बदली आवक-जावकच्या टेबलावर, लिफाफ्यांवर शिक्के मारायला.

इकडे समितीनं साहेबांकडे लेखी उत्तर मागितलं, तशी त्यांची पाचावर धारण बसली. आवक-जावकचा फोन वाजला.

"बाई, दुरुस्ती पुढे ढकलायला वरिष्ठांनी मंजुरी दिली होती. ते पत्र कुठे असेल?"

'असेल कुठेतरी' हे शब्द बाईंच्या जिभेवर आले होते. पण सवय वाईट. "मंजुऱ्यांची फाईल, पान अठ्ठ्याऐंशी. आणि साहेब, एकोणनव्वदही वाचा."

"पुढचं मी बघतो," म्हणून त्यांनी फोन आपटला.

समितीपुढे त्यांनी अठ्ठ्याऐंशी खणखणीत आवाजात वाचलं. अध्यक्षबाईंनी पुढचं पान उघडलं. तिथे त्याच वरिष्ठांनी चारच दिवसांनी लिहिलं होतं : 'मंजुरी रद्द. दुरुस्ती तात्काळ सुरू करावी.' खाली साहेबांची पोच.

साहेब सक्तीच्या रजेवर गेले. सहा महिन्यांनी ते दुसऱ्या कुठल्याशा कचेरीत सल्लागार झाले. अशी माणसं टाकीत ढकलली तरी कोरडी निघतात. खालच्या गल्लीतल्या चार घरांना मात्र भरपाई मिळाली, आणि ती मिळवताना वकिलानं बाईंच्या टिपणांचीच प्रत लावली.

"तुम्ही साहेबांना सावध करायला हवं होतं," शेजारच्या टेबलावरचा कारकून बाईंना म्हणाला.

"केलं होतं की," बाई म्हणाल्या आणि लिफाफ्यावर शिक्का हाणला. ते जरा जोरात सांगता आलं असतं, हे त्यांनी फक्त नवऱ्याजवळ कबूल केलं.