बेटावर मी एकटाच गेलो

मालवणच्या सहलीला बायको का आली नाही, असं कुणी विचारलं की मी टँकरचं कारण सांगायचो. ते खोटं नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

त्या वर्षी लातूरचे नळ पार कोरडे होते. आमच्या गल्लीत आठ-दहा दिवसांनी टँकर यायचा, आणि त्याला ठरलेली वेळ नसे. दारात माणूस पाइप घेऊन उभा असेल तर हौद भरायचा, कुलूप दिसलं की टँकर पुढे. म्हणून गल्लीत एक रीत पडली होती. गावाला जायचं तर आपला पाइप आणि फाटकाची किल्ली शेजाऱ्याच्या हवाली करायची. शेजारी स्वतःच्या आधी तुमचा हौद भरणार. स्वतःचं अर्धं राहिलं तरी तोंडातून शब्द काढणार नाही.

आमचा शेजारी मोटारी वाइंडिंग करतो. जिल्हा नवा झाला तेव्हा माझे वडील औशाहून कचेरीत कारकून म्हणून आले आणि त्याचे अब्बा उदगीरहून कामधंद्यासाठी आले. दोघांनी लागून प्लॉट घेतले आणि खर्च वाचावा म्हणून मधली भिंत एकच बांधली. त्या भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही दोघं वाढलो.

सहलीच्या पंधरा दिवस आधीची गोष्ट. मी ऑफिसातून उन्हात तापून आलो, तर टँकरला त्याचा पाइप लागलेला, आणि त्याच्या दोन बॅरलांशेजारी तिसरं भरत होतं.

"हे तिसरं कुणाचं?" मी विचारलं.

"भाऊ, थांबा जरा, सांगतो ना..."

"काय सांगता? तुमच्या लोकांची खोडच हाय ही. दिसलं की ओरबाडायचं."

सगळी गल्ली दारात उभी होती. टँकरची तोटी बंद करून त्यानं पाइप गुंडाळला आणि आत गेला. संध्याकाळी बायकोनं सांगितलं, तिसरं बॅरल गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या, पाय मोडून पडलेल्या म्हाताऱ्या बाईंचं होतं. मी ऐकून घेतलं. चार पावलांवर त्याचं दार होतं, तरी गेलो नाही.

ऑफिसातली चार जोडपी मिळून सहल ठरली होती, त्यातलं एक आम्ही. निघायच्या आदल्या दिवशी मी म्हणालो, "पाइप कुणाकडं द्यायचा?"

ती तूर निवडत होती. "कुणाकडं देता आता?" मान वर न करता ती म्हणाली. "तुमी जावा. पाणी भराय कुणीतरी पायजे."

तेव्हासुद्धा मी उठून शेजारी जाऊ शकलो असतो. मी उठून बॅग भरली.

मालवणजवळच्या खाडीतलं ते लहानसं बेट. माडांत चार खोल्या, एक विहीर, आणि मालकीणबाईंचं घर. नावेत दोघं-दोघं बसले, मी नावाड्याजवळ. जेवायला सगळ्यांना सुरमई आणि मला वेगळं ताट. आम्ही लिंगायत, मासळीला शिवत नाही. बाईंनी काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळ्या आणि सोलकढी वाढली. "पोटभर जेवा, लाजा नको," त्या सारख्या म्हणत होत्या. उसळ इतकी चांगली होती की आंबोळी मोडता मोडता मी विचार केला, हिला हे घरी करून बघता येईल. मग लक्षात आलं, ओले नारळ वाटून असं वाटण करायला आणि वर ती भांडी घासायला आमच्याकडे पाणी कुठलं.

पहिल्याच पहाटे मला खोलीतल्या नळातून गुरगुर ऐकू आली. मी ताडकन उठलो. दोन्ही बादल्या भरल्या, टमरेल भरलं, सगळ्यांच्या बाटल्या गोळा करून भरल्या, ओट्यावरची दोन पातेलीसुद्धा भरून त्यांवर ताटल्या झाकल्या. उजाडल्यावर बाई आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"काय ओ काका, ह्यां काय मांडल्यात? पाणी खंय पळान जाता?"

सगळे हसले. मीही हसलो. एका सहकाऱ्याची बायको म्हणाली, "वहिनींना आणायलाच पाहिजे होतं. त्यांनी तरी आवरलं असतं तुम्हाला."

"टँकर," मी म्हणालो.

त्या दिवशी स्नॉर्केलिंगला नेलं. शिकवणारा म्हणाला, गळ्यातलं काढून ठेवा. इष्टलिंग अंगावेगळं करायचं नसतं, हे त्याला समजावताना माझी त्रेधा उडाली. शेवटी त्यानंच माझ्या पंच्यानं ते छातीशी घट्ट बांधून दिलं. तोंडात नळी घेऊन मी डोकं पाण्यात घातलं आणि वरचा सगळा आवाज बंद झाला. फक्त माझाच श्वास ऐकू येत होता. खाली प्रवाळांच्या खडकांतून पिवळ्या पट्ट्यांचे मासे चालले होते, कुठलीच घाई नसल्यासारखे. "हे बघ," मी बाजूला हात लांबवून म्हणालो. नळी सुटली आणि नाकातोंडात खारं पाणी गेलं.

दुसऱ्या सकाळी नाव खोल समुद्रात गेली. "तो बघा गादा!" नावाडी ओरडला. तिकडे डॉल्फिनला गादा म्हणतात. दोन काळ्या पाठी पाण्यातून वर आल्या, वळल्या, बुडाल्या. जोडप्यांनी आपापले मोबाइल माझ्या हातात दिले. मी तिन्ही जोड्यांचे फोटो काढले. तोवर गादे लांब गेले होते.

किनाऱ्यावर आल्या आल्या घरी फोन लावला. गाद्यांचं सांगायचं होतं. ती थकल्या आवाजात म्हणाली, "टँकर येऊन गेला."

"भरलं का?"

"मला कालपासून ताप हाय. झोपले होते, कळलंबी न्हाई. भाईंनी भरलं."

"तू पाइप दिला होतास?"

"न्हाई. त्यांनी आपला पाइप भिंतीवरून टाकला. त्यांचं अर्धंच राहिलं म्हणं."

माझ्या मागे सगळे दुपारच्या जेवणाला बसले होते. कुणीतरी मला हाक मारत होतं.

परतीच्या प्रवासात मी काय बोलायचं ते जुळवत राहिलो. लातूरला उतरल्यावर बॅग हातात तशीच ठेवून आधी त्याच्या दारात गेलो. तो ओट्यावर तांब्याची तार गुंडाळत होता.

"त्या दिवशी मी लई वाईट बोललो," मी म्हणालो. "चुकलं माझं."

त्यानं हातातला फेरा पुरा केला. "भाऊ, मला एकट्याला बोललाव असता तर ऐकून घेतलं असतं. आपण भांडलो न्हाई का लहानपणी? पन माझ्या दोन्ही पोरी दारात होत्या. रात्री जेवताना विचारल्या, 'अब्बा, तुमच्या लोकांची मंजे कोणाची?' क्या बोलू मैं?"

मी हातातली बॅग खाली ठेवली.

"पानी भाभीसाठी भरलं," तो म्हणाला आणि पुन्हा तार हातात घेतली. बसा म्हणाला नाही.

घरात बायको चादर ओढून पडली होती. मी पलंगाच्या कडेला बसलो. "माफी मागून आलो," मी म्हणालो. "आता पुढच्या वेळी पाइप त्यांच्याकडं देऊ. दोघंबी जाऊ."

"पाइपचं काय घेऊन बसलाव," ती म्हणाली. "मी नुसतं म्हणले असते तरी त्यांनी भरलं असतं. माझं रोज जाणं-येणं हाय त्यांच्यात."

"मग आली का न्हाईस?"

"तुमी गल्लीत बोललाव, तवा मीबी दारात होते. त्यानंतर तुमच्या शेजारी बसून हसायचं, फोटो काढून घ्यायचं, मला जमलं नसतं."

"मग आता काय करू?"

"मला काय विचारता? त्या पोरींनी विचारलंय. त्यांना सांगा."

उन्हाळ्यामुळे शाळा सकाळची होती. दुसऱ्या दिवशी ती सुटायच्या वेळेला मी शेजारच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. दोघी दप्तरं पाठीला लावून, बोलत बोलत कोपऱ्यावरून वळल्या. मला बघून त्यांचं बोलणं थांबलं. मी काय सांगणार होतो, ते अजून माझं मलाच ठरवता आलं नव्हतं.